मालवणच्या समुद्रतळाची सहल : आमची पूर्वतयारी

त्रिरश्मी लेण्याच्या पायथ्याशी दर पौर्णिमेला वंदनेसाठी जमणारी आम्ही नऊ कुटुंबे दरवर्षी मिळून सहल काढतो. दीक्षाभूमी झाली, सांची झाली, अजिंठा-वेरूळ दोनदा झाले. यंदा पोराबाळांनी मालवण-तारकर्लीचे नाव काढले. नुसता समुद्र पाहायला जायचे असते तर कोणी हरकत घेतली नसती. पण मुलांना समुद्राच्या आत उतरायचे आहे. पाठीवर हवेचे नळकांडे बांधून, तोंडात नळी धरून, तळाशी असलेली पोवळी आणि मासे पाहायचे आहेत. याला स्कूबा डायव्हिंग म्हणतात हे आता शाळकरी मुलांनाही ठाऊक आहे.

बैठकीत अर्थातच दोन तट पडले. सातपूर-अंबडच्या कारखान्यांत तीस-तीस वर्षे पाळी केलेले आमचे ज्येष्ठ म्हणाले, हे श्रीमंतांचे चोचले आहेत, तेवढ्या पैशात दोन मुलांची क्लासची फी भरून होईल. बायकांना वेगळीच काळजी. एक आत्या म्हणाल्या, "अरे, विहिरीत वाकून पाहिलं तरी माझ्या पायात गोळे येतात, आणि तुम्ही मला समुद्राच्या बुडाशी न्यायला निघालात!" सगळे हसले. पण आत्यांचे हे वाक्य आमच्या मनातून जाईना. त्याविषयी पुढे लिहितोच. आधी मालवणच्या समुद्रात आहे तरी काय, ते पाहू.

मालवणच्या किनाऱ्यासमोर कुरटे बेटावर सिंधुदुर्ग किल्ला उभा आहे. शिवाजी महाराजांनी १६६४ मध्ये त्याचे काम सुरू केले व १६६७ मध्ये ते पुरे झाले. चारी बाजूंना खारे पाणी, आणि आत दूधबाव, दहीबाव, साखरबाव अशा गोड्या पाण्याच्या विहिरी. या किल्ल्याच्या आसपास पाण्यात खडक पसरलेले आहेत आणि त्या खडकांवर प्रवाळ म्हणजे पोवळ्यांच्या वसाहती आहेत. १९८७ साली शासनाने येथील सुमारे २९ चौरस किलोमीटर क्षेत्र मालवण सागरी अभयारण्य म्हणून जाहीर केले. त्या वेळेपासून स्थानिक मच्छीमारांचा त्याला विरोध राहिला, कारण पिढ्यान्‌पिढ्या जेथे जाळे टाकले तेथेच आपण गुन्हेगार ठरू, अशी त्यांना भीती होती. पर्यटकाने हे ध्यानात ठेवावे. आपल्याला जी गंमत आहे ती दुसऱ्याच्या पोटापाण्याची जागा आहे.

प्रवाळ हा दगड नव्हे, झाडही नव्हे. तो प्राणी आहे. टाचणीच्या डोक्याएवढे असंख्य जीव एकमेकांना चिकटून राहतात आणि आपल्याभोवती चुन्याचे घर बांधत जातात. त्यांच्या अंगात सूक्ष्म शेवाळ राहते. ते शेवाळ सूर्यप्रकाशावर अन्न तयार करते आणि त्यातला मोठा वाटा प्रवाळाला मिळतो. प्रवाळाचे रंगही बऱ्याच अंशी या शेवाळाचेच. पाणी नेहमीपेक्षा जास्त तापले आणि तसेच राहिले की प्रवाळ आपल्या या भाडेकरूला बाहेर काढतो, पांढरा पडतो आणि उपाशी राहतो. २०२४ च्या उन्हाळ्यात लक्षद्वीपमध्ये हे फार मोठ्या प्रमाणावर झाले. काही जातींचे प्रवाळ वर्षाला जेमतेम सेंटिमीटरभर वाढतात. म्हणजे आपल्या एका लाथेने जो तुकडा मोडतो तो बनायला आपले अर्धे आयुष्य लागलेले असते. भारतात प्रवाळ वन्यजीव कायद्याखाली संरक्षित आहे. शोभेसाठी तुकडा पिशवीत घालून आणणे हा गुन्हा आहे. हे मुलांना निघण्यापूर्वीच सांगून ठेवले आहे, मोठ्यांना दोनदा.

एक गोष्ट मात्र स्पष्ट केली पाहिजे. दूरदर्शनच्या पडद्यावर दिसतो तसा लाल-जांभळा बगीचा मालवणला दिसेल अशी आशा ठेवू नये. किनारा जवळ, खाड्यांचा गाळ येतो, पाणी काही दिवस निवळ तर काही दिवस गढूळ असते. दिसतात ते बहुतेक तपकिरी, पिवळट, हिरवट प्रवाळ, आणि त्यांच्या आडोशाने फिरणारे पट्ट्यापट्ट्यांचे मासे. विजयदुर्गच्या पश्चिमेला शंभर किलोमीटरहून दूर, भर समुद्रात आंग्रे बँक नावाचा पाण्याखालचा मोठा पठारी उंचवटा आहे. कान्होजी आंग्र्यांच्या नावावरून ओळखला जाणारा. तेथील प्रवाळ फार संपन्न आहे असे शास्त्रज्ञ सांगतात. पण तेथे संशोधनाच्या जहाजाने जावे लागते, ते आपल्या मिनीबसचे काम नाही.

आता स्कूबाविषयी. समजुती इतक्या चुकीच्या आहेत की त्या दूर करणे जरूर आहे. पाठीवरच्या नळकांड्यात ऑक्सिजन असतो असे सर्रास म्हटले जाते. त्यात असते ती आपण घेतो तीच साधी हवा, फक्त दाबून भरलेली. १९४३ साली फ्रान्समध्ये झाक कूस्तो आणि एमिल गान्यां या दोघांनी असे यंत्र तयार केले की माणूस जितका श्वास ओढील तितकीच हवा, भोवतालच्या पाण्याच्या दाबाइतक्या दाबाने, त्याच्या तोंडात येते. आज जे रेग्युलेटर वापरतात त्याचे मूळ तेथे आहे. पाण्यात दहा मीटर खाली गेले की अंगावरचा दाब दुप्पट होतो. त्यामुळे कान दडपतात. नाक चिमटीत धरून हलकेच फुंकले की कान मोकळे होतात. हे खाली जाताना दर थोड्या अंतराने करायचे, कान दुखायला लागण्याची वाट पाहायची नाही. आणि सर्वांत मोठा नियम हा की श्वास कधीही रोखून धरायचा नाही. खाली घेतलेली हवा वर येताना फुगते. श्वास कोंडलेला असेल तर ती फुप्फुसाला इजा करते. आपण लहानपणी डबक्यात डुबकी मारताना जे करतो त्याच्या हे नेमके उलट आहे, म्हणून त्याचा सराव जमिनीवरच करावा लागतो.

पाण्याखाली बोलता येत नाही, खुणा कराव्या लागतात. अंगठा वर केला तर त्याचा अर्थ "छान" असा नाही. त्याचा अर्थ "वर चला" असा आहे. सगळे ठीक असेल तर अंगठा आणि तर्जनी जुळवून गोल करायचा. आमच्या एका भाच्याने घरी सर्वांना ही खूण शिकवली आणि आता जेवण कसे झाले विचारले तरी सगळे गोल करून दाखवतात.

पहिल्यांदा जाणाऱ्याला प्रशिक्षक धरून खाली नेतो. खोली फार नसते, वेळही पंधरा-वीस मिनिटांचा. त्याला पूर्ण प्रशिक्षण म्हणत नाहीत, तो केवळ अनुभव असतो. ज्यांना खरोखर शिकायचे आहे त्यांच्यासाठी तारकर्लीला महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाची स्कूबा डायव्हिंग व जलक्रीडा प्रशिक्षण संस्था आहे. तेथे तलावात शिकवून मग समुद्रात नेतात आणि जगभर चालणारे प्रमाणपत्र मिळते. आमच्या वस्तीतला कोणी बारावी झालेला मुलगा किंवा मुलगी हा अभ्यासक्रम करील का, याचा विचार पालकांनी करावा. पाणबुड्यांची गरज फक्त पर्यटनाला नसते. बंदरे, पूल, धरणे, जहाज दुरुस्ती येथेही पाण्याखाली काम करणारी माणसे लागतात. त्यांचे प्रशिक्षण वेगळे असते, पण पाण्याची भीती जाणे ही पायरी दोन्हीकडे पहिलीच.

आता आत्यांच्या वाक्याकडे येतो. आमच्या बैठकीला एकवीस प्रौढ माणसे होती. पोहता कोणाकोणाला येते, असे आम्ही विचारले. चार हात वर झाले, चारही पुरुषांचे. त्यातले दोघे गावाकडे नदीच्या डोहात शिकलेले, एक लष्करातून निवृत्त झालेला, एक शाळेत असताना शिकलेला. स्त्रियांचा एकही हात नाही. याला आम्ही योगायोग मानत नाही. गावात विहीर होती, पण आपल्या लोकांना तिच्या काठावर उभे राहण्याची मुभा नव्हती. दुसऱ्याने वरून ओतलेले पाणी ओंजळीत घ्यायचे. जेथे पाण्याला हात लावता येत नाही तेथे पोहायला कोण शिकवणार? गावातली इतर पोरे विहिरीत गठ्ठे बांधून उड्या मारायची, त्या वयात आपली पोरे लांबून पाहायची. आजोबांना पोहता आले नाही म्हणून बापाला नाही, आणि बापाला नाही म्हणून मुलीला तर नाहीच. शहरात येऊन पन्नास वर्षे झाली, नळ घरात आला, पण ती भीती अंगातच राहिली. आणि तिची किंमत आपण अजूनही देतो. उन्हाळ्यात गोदावरीच्या डोहात, पावसाळ्यात खदानीत पोरे बुडाल्याच्या बातम्या येतात, त्यात आपल्यासारख्या वस्त्यांतली पोरे किती असतात ते वाचकांनी आठवून पाहावे.

दिनांक २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी प्राशन केले, हे आपण दरवर्षी सांगतो. त्या तळ्याचा दावा पुढे दहा वर्षे चालला आणि १९३७ साली मुंबई उच्च न्यायालयात आपल्या बाजूने निकाल लागला, हे त्या मानाने कमी सांगितले जाते. पिण्याच्या पाण्याचा हक्क मिळाला, तो लढून मिळवला. पण त्या तळ्यात पोहण्याचा, नदीत डुंबण्याचा, समुद्रात शिरण्याचा जो निर्भय आनंद असतो तो कोणत्याही निकालाने मिळत नाही. तो एकेका अंगाला शिकावा लागतो. बैठकीत आम्ही हे बोललो तेव्हा ज्येष्ठांचा विरोध बराच मावळला. क्लासच्या फीचा मुद्दा त्यांनी मागे घेतला असे नाही, आणि तो चुकीचाही नाही. त्यासाठी शिक्षणनिधीला हात लावायचा नाही असा ठराव करून तो नोंदवहीत लिहिला आहे.

मालवणचे बोटवाले सांगतात की पोहता येत नसले तरी स्कूबा करता येते. ते खोटे नाही, प्रशिक्षक सोबत असतो, अंगावर हवेने फुगणारे जॅकेट असते. तरीसुद्धा आम्ही आमच्यापुरता वेगळा नियम केला आहे. ज्यांना खाली उतरायचे आहे त्यांनी आधी महापालिकेच्या जलतरण तलावात जायचे. पाण्यात तोंड बुडवून श्वास सोडता यावा, पाठीवर तरंगता यावे आणि निदान तलावाची रुंदी कापता यावी. कारण बोट समुद्रात उलटते तेव्हा तेथे प्रशिक्षक हात धरून नसतो. दिनांक २४ मे २०२२ रोजी तारकर्लीजवळ पर्यटकांची बोट उलटली आणि दोन जणांचा मृत्यू झाला. ती माणसे स्कूबा करून परतत होती. म्हणजे धोका पाण्याखालच्या पंधरा मिनिटांपेक्षा काठावर येण्याच्या वाटेत जास्त आहे. लाइफ जॅकेट प्रत्येकाच्या मापाचे आहे का, पट्टे बांधलेले आहेत का, बोटीत ठरल्यापेक्षा जास्त माणसे भरली आहेत का, हे पाहण्याचे काम आम्ही त्या निवृत्त जवानाकडे दिले आहे. त्याचा आवाज मोठा आहे आणि तो कोणाची भीड ठेवत नाही.

महिलांची वेळ वेगळी असल्यामुळे सहा भगिनींनी तलावावर नाव घातले. पोशाखाची अडचण होती. घरच्या माणसांची मान्यता हीही एक अडचण होती, ती येथे लपवण्याचे कारण नाही. पूर्ण अंगाचा पोहण्याचा पोशाख मिळतो, आणि समुद्रात तर गळ्यापासून पोटरीपर्यंत रबरी पोशाखच घालावा लागतो, हे कळल्यावर घरोघरची कुरबुर कमी झाली. पहिल्या आठवड्यात सहाजणी फक्त काठाचा दांडा धरून उभ्या होत्या. दुसऱ्या आठवड्यात एकीने दांडा सोडला. बाकीच्या पाचजणींनी तिला शिव्या दिल्या आणि मग एकेकीने सोडला.

आपल्या पूर्वजांचे पाण्याशी नेहमीच असे नाते होते का? आम्हाला तसे वाटत नाही. त्रिरश्मी लेण्यात दहाव्या क्रमांकाच्या लेण्यात उषवदाताचा शिलालेख आहे. भिक्खुसंघाला लेणे दान करणाऱ्या या माणसाने इबा, पारदा, दमण, तापी, करबेणा आणि डहाणुका या नद्यांवर लोकांना फुकट पार करणाऱ्या नावा ठेवल्या, असे त्यात कोरलेले आहे. दोन हजार वर्षांपूर्वीच्या दानाच्या यादीत होडीचे नाव आहे. आम्ही वर्षानुवर्षे त्या लेण्यात जातो, पण किती जणांनी मुलांना हे दाखवले? सोपाऱ्याचा पूर्ण नावाचा व्यापारी तर अनेकदा समुद्रप्रवास करून आला. एका सफरीत सोबतच्या व्यापाऱ्यांच्या तोंडून बुद्धवचने ऐकली आणि पुढे तो भिक्खू झाला, अशी कथा आहे. अजिंठ्याच्या दुसऱ्या लेण्यात त्याच्या कथेतले जहाज रंगवलेले आहे. नालासोपाऱ्याचा स्तूप १८८२ साली भगवानलाल इंद्रजी यांनी उत्खनन करून उजेडात आणला. एकीकडे समुद्र ओलांडला की धर्म बुडतो असे सांगणारे शास्त्र, आणि दुसरीकडे जहाजातून धम्म नेणारे हे लोक. औरंगाबादच्या सातव्या लेण्यात माणसावर येणाऱ्या आठ संकटांचे शिल्प आहे. त्यात एक संकट जहाज बुडण्याचे आहे. समुद्रावर जाणाऱ्या लोकांनाच असे शिल्प कोरून घ्यावेसे वाटले असेल.

बुडालेल्या जहाजांवरून आठवले. मुलांना प्रवाळापेक्षा बुडालेल्या जहाजाचे आकर्षण जास्त आहे, आणि तेही मालवणच्या बाजूला पाहायला मिळण्याची योजना आहे. नौदलाची गुलदार नावाची नौका होती. पोलंडमध्ये बांधलेली, १९८५ मध्ये नौदलात दाखल झालेली, सुमारे ८४ मीटर लांब. सैनिक आणि वाहने थेट किनाऱ्यावर उतरवणे हे तिचे काम. जानेवारी २०२४ मध्ये ती निवृत्त झाली आणि २०२५ मध्ये महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाकडे देण्यात आली. निवती रॉकजवळ ती तळाशी बसवून पाण्याखालचे संग्रहालय करायचे, अशी ही योजना. अशा जहाजातले तेल, तारा, विषारी पदार्थ आधी काढावे लागतात. मग काही वर्षांत लोखंडावर शिंपले, शेवाळ, प्रवाळ चिकटतात, मासे आसरा घेतात, आणि युद्धाचे जहाज माशांची चाळ होऊन जाते. आम्हाला ही कल्पना आवडली. मात्र नवख्या माणसाने बुडालेल्या जहाजाच्या आत शिरायचे नसते. त्यासाठी वरचे प्रशिक्षण लागते. मुलांनी आत्ताच गुलदारचा हट्ट धरू नये, आणि कोणी बोटवाला दाखवतो म्हणाला तर महामंडळाच्या कार्यालयात विचारल्याशिवाय पैसे देऊ नयेत.

पण आपल्या दृष्टीने सर्वांत मोलाचे बुडालेले जहाज मालवणला नाही. १९१७ साली बाबासाहेब लंडनचा अभ्यास अर्धवट सोडून परत निघाले. शिष्यवृत्तीची मुदत संपली होती. महायुद्ध चालू होते. त्यांनी आपले ग्रंथ आणि सामान दुसऱ्या जहाजाने पाठवले होते. ते जहाज जर्मन पाणबुडीने बुडवले. पोटाला चिमटा काढून घेतलेली ती पुस्तके समुद्राच्या तळाशी गेली. त्या सामानाची जी नुकसानभरपाई मिळाली तिच्यातून बाबासाहेबांनी बडोद्याला जाण्याचा खर्च भागवला, आणि बडोद्यात त्यांना राहायला जागा मिळाली नाही हे पुढचे सर्वांना माहीतच आहे. हे आम्ही मुलांना सांगितले तेव्हा सातवीतल्या एका मुलीने विचारले, "ती पुस्तकं अजून तिथंच असतील का?" कागद एवढी वर्षे पाण्यात टिकत नाही, असे आम्ही म्हणालो. ती म्हणाली, "पण पेटी असेल ना." यावर आम्ही काही उत्तर दिले नाही.

हिशेब ठेवण्याचे काम आमच्याकडे असल्याने तोही येथे देतो, म्हणजे इतर वस्त्यांना उपयोगी पडेल. नऊ घरांनी दरमहा ५०० रुपयेप्रमाणे चौदा महिने काढले. ६३,००० रुपये जमले. आम्ही एकतीस माणसे आहोत. नाशिकहून मालवण साधारण सहाशे किलोमीटर, तेथे फिरणे धरून जाण्यायेण्याचे तेराशे. मिनीबसचेच पन्नास हजारांच्या आसपास जातात. उरलेले तेरा हजार फक्त मुलांच्या आणि तलावात शिकलेल्या भगिनींच्या डुबकीसाठी राखून ठेवले आहेत. राहणे-जेवण ज्याचे त्याने, घरगुती निवासात. पुरुषांना डुबकी मारायची असेल तर त्यांनी आपला पानतंबाखूचा खर्च वाचवून मारावी. हा ठराव भगिनींनी मांडला आणि बहुमताने मंजूर झाला. रेल्वेने स्वस्तात जाता येते. मंगला लक्षद्वीप एक्सप्रेस नाशिकरोडहून पनवेलमार्गे कोकण रेल्वेवर जाते. ज्यांना तो मार्ग हवा त्यांनी सिंधुदुर्गातला थांबा वेळापत्रकात पाहून घ्यावा. कुडाळ स्टेशनपासून मालवण सुमारे तीस किलोमीटर, तेथून तारकर्ली सात-आठ. आम्ही बस घेतली ती महाडसाठी. मुंबई-गोवा महामार्गावर महाड वाटेतच येते. चवदार तळ्यावर सकाळी वंदना घेऊन पुढे जायचे ठरले आहे. वेंगुर्ल्याला मांडवी खाडीत स्वामिनी महिला बचत गटाच्या भगिनी होडीतून कांदळवन दाखवतात, तेही पाहायचे आहे. आमच्या बचत गटाला त्यांच्याशी बोलायचे आहे, खाडीपेक्षा हिशेबाविषयी जास्त.

वेळ निवडताना एक गंमत झाली. मेअखेरपासून ऑगस्टअखेरपर्यंत पावसाळ्यामुळे तेथील जलक्रीडा बंद असते. पाणी निवळते ते दिवाळीच्या पुढे. दिवाळीची सुटी सोयीची, सण आपला नसला तरी सुटी आपली आहे. कोणीतरी म्हणाले, पौर्णिमा साधून जाऊ, समुद्रकिनारी वंदना होईल. पण अमावास्या-पौर्णिमेला समुद्राला उधाण असते, प्रवाह जोराचा आणि पाणी गढूळ. अष्टमी-नवमीच्या सुमारास भरती-ओहोटी मंद असते, त्याला मच्छीमार भांग म्हणतात. म्हणून अमावास्येनंतरची अष्टमी धरली, ती सुटीच्या दुसऱ्या आठवड्यात येते. गर्दीही थोडी कमी. पौर्णिमेची वंदना नाशिकला परत आल्यावर त्रिरश्मीलाच होईल.

प्रकृतीविषयी कोणतीही लपवाछपवी करू नये. दमा, हृदयविकार, फिट येणे, कानाचे ऑपरेशन, गर्भारपण यांपैकी काही असेल तर खाली उतरायचे नाही. साखर आणि रक्तदाब असलेल्यांनी डॉक्टरला विचारून, लेखी घेऊन यावे. सर्दी असेल तर त्या दिवशी काठावर बसावे, कान फुटण्यापेक्षा हिरमोड बरा. दहा वर्षांखालील मुलांनी उथळ पाण्यातच खेळायचे. आदल्या रात्री दारू घेतलेल्या माणसाला बोटीत घेणार नाही. पंचशील घेतलेल्यांना हे सांगावे लागू नये, पण सांगितले. डुबकीनंतर निदान बारा, शक्यतो अठरा तास विमानात बसायचे नाही की उंच घाट चढायचा नाही, कारण दाबाखाली रक्तात विरघळलेला नायट्रोजन सावकाश बाहेर पडावा लागतो. त्यामुळे समुद्रात उतरण्याचा दिवस परतीच्या दिवसाला लागून ठेवलेला नाही. बोटवाल्यांकडे प्रशिक्षकाचे प्रमाणपत्र, विमा आणि बोटीची नोंदणी मागायची. मागितल्यावर जो चिडेल त्याच्याकडे जायचे नाही. काही ठिकाणी फोटोसाठी माशांना पाव टाकतात. माशांचे ते अन्न नव्हे, आपण नको म्हणून सांगायचे.

डॉक्टरांचे दाखले या महिन्याच्या शेवटच्या रविवारपर्यंत आमच्याकडे द्यायचे आहेत. आतापर्यंत तेरा आले. आत्यांनी दाखला दिलेला नाही, मात्र तलावाचा मासिक पास काढला आहे. समुद्रात उतरणार का, असे विचारले तर म्हणतात, आधी या तलावाचं बूड पायाला लागू दे, मग बघू. तलावाची खोल बाजू त्यांनी अजून पाहिलेली नाही. उथळ बाजूला मात्र आता त्या इतरांना दांडा सोडायला लावतात.